मारोतीनं अडवलेली बोट

आमच्या बोटीचं इंजिन मुळात बोटीचं नव्हतंच. ते विहिरीवरचं, पाणी उपसायचं डिझेल इंजिन. विहिरीवर विजेची मोटार बसली आणि ते बेकार झालं. घरात बेकार बसलेला माणूस माझ्या नवऱ्याला, आमच्या मालकांना, चालतो, बेकार पडलेलं यंत्र मात्र बघवत नाही. त्यांनी धरणात मासे धरणाऱ्यांकडून एक जुनी लाकडी होडी घेतली, कळमनुरीच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चौकट करून आणली, इंजिन त्यात बसवलं, मागं पंखा लावला आणि गावात सांगत सुटले, “आता पल्याड जायला अर्धा दिवस मोडायची गरज न्हाई.” नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मालक खोटं बोलत नव्हते. इंजिन चालू राहिलं तर खरंच अर्धा दिवस मोडत नव्हता.

धरणाच्या फुगवट्यानं माझं सासर अल्याड आणि माहेर पल्याड ठेवलं होतं. रस्त्यानं जायचं तर आधी कळमनुरी, तिथं एसटीची वाट बघत बसायचं, मग मोठा वळसा. धरण व्हायच्या आधी उन्हाळ्यात नदीच्या वाळूतून चालत जाता यायचं, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या. सांगताना माझ्याकडं अशा बघायच्या की ते पाणी मीच आणून सोडलंय.

पहिले काही महिने बोट बरी चालली. मग एकदा डिझेलमध्ये कचरा आला आणि ती बंद पडली. तेवढं एकदाच खरं कारण होतं. पण त्यानंतर ती रोजच बंद पडायला लागली, आणि ती पण कुठं? बरोबर मधोमध. काठावरून निघताना झकास निघायची, अर्धं पाणी कापलं की घरघर लागायची, दोन आचके द्यायची आणि गप. जाताना मधोमध, येतानाही मधोमध. आता धरणाच्या त्या जागी पाण्याखाली आमचं जुनं गाव होतं, आणि जुन्या गावात मारोतीचं देऊळ होतं. गाव वर हलवलं तेव्हा नवी मूर्ती बसवली, जुनी तिथंच राहिली. झालं! अख्ख्या गावाला कारण सापडलं.

“मारोती अडवून राहिला,” आत्याबाई म्हणाल्या. “त्याला बुडवून तुमी त्याच्या डोस्क्यावरून फटफट करत जाता. काहून सोडंल तो?”

मालकांचा मारोतीवर विश्वास होता, पण इंजिनाच्या बाबतीत नव्हता. त्यांचा विश्वास पाना-पक्कडीवर. त्यांनी फिल्टर बदलला, नोझल साफ केलं, हिंगोलीहून नवा पाइप आणला. शेवटी हिंगोलीचाच एक मिस्त्री मोटारसायकलवर बसवून आणला. मिस्त्रीनं काठावर टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवलं, काडी बुडवून डिझेल बघितलं, हँडल मारलं. इंजिन सुरू. मिस्त्री चहा प्याला, इंजिन चालू. मिस्त्री जेवला, इंजिन चालूच. हात पुसत म्हणाला, “इंजिनात काई खराबी न्हाई. तुमच्या पाण्यात असंल.” आणि गेला. त्याच्या या शोधावर आत्याबाई किती खूश झाल्या म्हणून सांगू!

बोट बंद पडली की बोटीत जी लगबग व्हायची ती बघण्यासारखी असायची. मालक सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडून आत डिझेल आहे का ते बघायचे. ते असायचंच. मग झाकण लावून पाइपात फुंकायचे. आत्याबाई कमरेच्या पिशवीतून हळद-कुंकू काढायच्या. आमच्याबरोबर नेहमी एक म्हातारा धनगर असायचा, त्याची मेंढरं अर्धं वर्ष पल्याड चरायची. तो सगळ्यांना ओरडायचा, “म्होरं सरका रे, मागं वजन झालंय!” सगळे पुढं सरकायचे. मग हँडल मारलं की इंजिन सुरू. आणि मग श्रेयावरून भांडण. मालक म्हणायचे फुंकलं म्हणून, आत्याबाई म्हणायच्या हळद लावली म्हणून, धनगर म्हणायचा वजन बराबर झालं म्हणून. तिघंही काठ येईपर्यंत एकमेकांची अक्कल काढत राहायचे. मी गप्प बसायचे. सुनेनं इंजिनावर मत द्यायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी विचारलंही नव्हतं.

आत्याबाईंची हळद साधी नव्हती. कोरडी हळद तेलकट लोखंडाला धरत नाही, झडून जाते, म्हणून त्या ती गोड्या तेलात कालवून लावायच्या. घरचीच हळद, ताजी दळलेली, रंगानं अशी की बोटाला आठवडाभर राहावी. दर अमावस्येला एकदा आणि दर वेळी बोट बंद पडल्यावर वेगळी. आता इंजिनाचं कपाळ कुठलं? आत्याबाईंनी विचार करून ठरवलं, जे सगळ्यात वर ते कपाळ. सगळ्यात वर टाकी आणि टाकीवर झाकण. त्या झाकणावर हळदकुंकवाचा असा थर चढला होता की खालचं लोखंड कुठल्या रंगाचं होतं ते कुणाला आठवत नव्हतं.

हे असं वर्षभर चाललं. कुणाचंच काही अडत नव्हतं म्हणून चाललं. मग माझ्या बहिणीचं लग्न ठरलं.

आई गेली तेव्हा मी नववीत होते आणि बहीण नुकती शाळेत जायला लागली होती. माझी शाळा सुटली आणि चूल हातात आली. तिच्या वेण्या मी घातल्या, उवा मी काढल्या, शाळेत जायचं नाही म्हणून रडली की पाठीत धपाटाही मीच घातला. माझं लग्न झालं तेव्हा वडलांपेक्षा ती जास्त रडली आणि मला तिचाच राग आला, कारण तिच्यामुळं मलाही रडायला आलं. तिचं स्वतःचं लग्न ठरल्यावर तिनं माझ्याकडं साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. आमच्याकडं अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीमागं पेटता दिवा घेऊन करवली उभी राहते. नवरीनं मागं वळून बघायचं नसतं. हा मान कुणाही लहान चुलतबहिणीचा असतो. पण ती म्हणाली, “अक्का, दिवा तूच धरायचास. तू मागं असलीस तर मला भ्या वाटनार न्हाई.”

मी म्हणलं, “धरते की. मला कुठं जायचंय?”

लग्न उन्हाळ्यात होतं, आणि उन्हाळा म्हणजे आमच्या घरी हळद. रानात कढई चढलेली, खाली जाळ, वर वाफ, आणि शिजलेली हळद पसरायला माणसं कमी. मी म्हणलं, चार दिवस आधी जाते. आत्याबाई म्हणाल्या, “हळद पडून राहिली तर कोन बघंल? मुहूर्ताला पोचलं म्हंजे झालं की. बोट हाय आपली घरची.” तर माझ्या बहिणीच्या अंगाला पल्याड हळद लागत होती तेव्हा मी अल्याड ढीगभर हळद उन्हात पसरत होते. एवढा राग आला होता की काय सांगू. हातातलं खोरं आत्याबाईंच्या पायावर पडता पडता राहिलं, तेही बहुतेक मुद्दाम.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मालकांनी नवं धोतर नेसलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर डबा उपडा करून टाकी तोंडापर्यंत भरली, सांडून वाहीपर्यंत, आणि म्हणाले, “आज कमी-जास्त काई नको. लगीन हाय.” आत्याबाईंनीही हात राखला नाही. झाकणावर नवा थर दिला, वर झेंडूची माळ घातली, काठावर नारळ फोडला. बोटीत आम्ही तिघं, शेजारपाजारची पाच-सहा माणसं, आहेराची भांडी, आणि तो म्हातारा धनगर. तो लग्नाला नव्हता आला, पल्याड त्याच्या पाहुण्याला एक एडका द्यायचा होता. एडका माझ्या नव्या साडीला शिंगं घासत उभा होता.

त्या दिवशी बोट मधोमध बंद पडली नाही. त्याच्या कितीतरी आधीच पडली.

धनगरानं काठाकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं. “आँ? देऊळ तर म्होरं हाय अजून,” तो म्हणाला. “मारोती सरकला का काय?”

“लग्नाची मान्सं बघून पुढं आला असंल,” आत्याबाईंनी लगेच हात जोडले आणि दुसरा नारळ काढला.

मालकांनी पाइपात फुंकलं. हँडल मारलं. इंजिन चार वेळा फटफटलं आणि गप. सगळे पुढं सरकले, एडक्यालाही सरकवलं. हँडल मारलं. तेच. मालकांनी पाइप सोडवला तर त्यातून डिझेल येईना. टाकी भरलेली आणि पाइपात डिझेल नाही! त्यांनी पाइप तोंडात धरून ओढलं, तोंडभर डिझेल आलं, ते थुंकले, पाइप जोडला, हँडल मारलं. थोडं चाललं आणि पुन्हा गप. नव्या धोतराचा पार कचरा झाला.

वल्ही? वल्ही घरी होती. इंजिनाच्या बोटीत वल्ही ठेवणं मालकांना अपमान वाटायचा. ती गोठ्याच्या पत्र्याखाली टेकू म्हणून लावली होती. बोटीत एक बांबू होता, तो पाण्यात घातला तर तळ लागेना. वाऱ्याचा पत्ता नव्हता. पाणी परातीतल्यासारखं गप्प, डोक्यावर ऊन, आणि पल्याडचा काठ समोर दिसतोय. मांडव दिसतोय. मांडवावरचा भोंगा ऐकू येतोय. पाण्यावरून आवाज असा येतो की कानात कुणी बोलावं. आधी गाणी लागली होती. मग गाणी बंद झाली.

मी मालकांना म्हणलं, “आवं, टाकीत डिझेल बघा की एकदा.”

“सकाळी तुज्यासमोर भरली न्हाई का?”

“नेहमी तर बघता. बघा की.”

“नेहमी शंका असती म्हनून बघतो. आज तोंडापस्तोर भरली ती अख्ख्या गावानं बघितली. तुजा माज्यावर इश्वास न्हाई का?” आणि डिझेलच्या हातानं घाम पुसून ते पुन्हा नोझलकडं वळले.

तेवढ्यात भोंगा खरखरला. माझ्या माहेरच्या माणसाचा ओळखीचा आवाज. “नवरीच्या मामानं नवरीला घेऊन मंडपात यावं. मुहूर्ताची वेळ झालेली हाय.”

माझं डोकंच फिरलं. मी उठले. बोट हलली, धनगर ओरडला, “ये बाई, बस खाली!” मी बसले नाही. एडक्याला बाजूला ढकललं, इंजिनापाशी गेले. म्हणलं, “वर्षभर बघून राहिले मी. तुमचं फुंकनं, तुमचं हळद लावनं, यांचं सरका सरका. माझी बहीण तिथं एकटी उभी हाय आन तुमी हितं इश्वासाचं बोलून राहिले! टाकीत डिझेल न्हाई तर न्हाई म्हना, लाज कशाची?” आणि झेंडूची माळ तोडून फेकली. आत्याबाई “अगं, अगं!” करत राहिल्या. झाकण हलेना. पदर गुंडाळून दोन्ही हातांनी पिळलं.

फुस्स!

असा आवाज झाला की एडका दचकला. टाकीनं श्वास घेतला होता, मोठा, पोटभर. आणि डिझेल? काठोकाठ होतं. मालक खोटं बोलले नव्हते. मी झाकण हातात घेऊन उलटं केलं. आतल्या बाजूला, मधोमध, एक बारीक भोक होतं. टाकीत हवा जायचं भोक. वरून त्याच्यावर वर्षभराची हळद बसून दगड झाली होती. हवा आत जात नव्हती, म्हणून डिझेल खाली उतरत नव्हतं. बोट बंद पडली की मालक डिझेल बघायला झाकण उघडायचे, हवा जायची, इंजिन चालायचं, आणि तिथून काठापर्यंत तेवढी हवा पुरायची. काठावर पुन्हा झाकण उघडायचे, की पुन्हा निम्म्या वाटेपर्यंत पुरायची. मारोती बिचारा खाली उगाच बदनाम झाला होता. आज टाकी काठोकाठ भरल्यामुळं आत हवाच नव्हती, म्हणून लवकर बंद पडली. आणि टाकी भरलेली आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असल्यामुळं झाकण कुणी उघडलंच नाही.

हे सगळं मला तिथल्या तिथं कळलं असं नाही, बरंचसं नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की भोक बंद आहे. मी साडीची पिन काढली आणि टोचून टोचून हळद खरवडली. नखं, बोटं, तळहात, सगळे काळे-पिवळे झाले. मालकांनी हँडल मारलं. इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

“बघ, शेवटचा झटका बराबर बसला,” मालक म्हणाले.

“दुसरा नारळ लागला त्याला,” आत्याबाई म्हणाल्या.

पुढं कितीतरी वर्षं मी बोटीत बसताना पिनेनं ते भोक मोकळं करायचे आणि आत्याबाई त्यावर पुन्हा हळद लावायच्या. बोट बंद पडायची थांबली. मारोती पावला अशी गावात ख्याती झाली, शनिवारी लोक पाण्यात नारळ सोडायला यायला लागले. मी एकदा खरं सांगून बघितलं. मालक म्हणाले, “असंल तसं,” आणि आत्याबाई म्हणाल्या, “भोक मारोतीनंच दाखवलं न्हाई का तुला?” मग मी नाद सोडला.

पण त्या दिवशी इंजिन सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं, मला आता काहीच ऐकू येत नाही. एवढा आवाज त्या इंजिनाचा. मांडव दिसत होता, माणसं उभी राहिलेली दिसत होती. काठ अजून दूर होता. आपण पोचत नाही हे मला कळलं आणि रडू फुटलं. मोठ्यानं रडले. लाज नाही वाटली, कुणाला ऐकू जात नव्हतं.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग काठाकडं बघितलं. आणि वाकून त्यांनी इंजिन बंद केलं. वर्षभर जे चालू राहावं म्हणून त्या माणसानं जिवाचं रान केलं, ते चालत असताना आपल्या हातानं बंद केलं. बोट आपल्या वेगानं थोडी पुढं सरकत राहिली आणि पाण्यावरून मंगलाष्टकाचा शेवटचा श्लोक आला, स्वच्छ, अक्षर न् अक्षर. आत्याबाईंनी अक्षता माझ्या काळ्या हातात दिल्या. धनगरानं मुंडासं सावरलं आणि तोही उभा राहिला. “शुभमंगल सावधान” झालं, तिकडं वाजंत्री वाजली आणि आम्ही सगळ्यांनी अक्षता पाण्यात टाकल्या. एडक्याच्या पाठीवर थोड्या पडल्या. मग मालकांनी हँडल मारलं.

काठावर उतरले तेव्हा पंगती बसत होत्या. फोटोवाला कळमनुरीहून यायचा होता, तो आमच्याही नंतर आला. मांडवाच्या तोंडाशी काकूनं माझा दंड धरून बाजूला ओढलं. काकू म्हणजे माझ्या वडलांची भावजय. तिच्या हाताला तेलाचा वास होता.

“कुटं मेली व्हतीस?” ती दबक्या आवाजात म्हणाली. “पोरगी पाटावर उभी राहंना. अक्का आल्याबिगर न्हाई म्हनली. नवऱ्याकडची मान्सं बघून राहिली. मग मी सांगितलं, आली, मागंच हाय, मागं बघायचं नस्तंय. दिवा मी धरला. आता तू तोंड सांभाळ.”

मला त्या बाईच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्ही राहिलं. मी हात पदराखाली घेतले.

बहीण आत बसली होती, मुंडावळ्या अजून तशाच. मला बघून हसली. एवढी मोठी हसली की लहान होती तेव्हाची दिसली. जवळ बसले तशी हळूच म्हणाली, “अक्का, एकदा पन रडले न्हाई मी. बघितलंस का?”

“बघितलं,” मी म्हणलं.

“दिवा लई हलत व्हता तुजा. मधून मधून मानंला ऊब लागायची. म्हनलं, हाय अक्का मागं.”

“व्हय,” मी म्हणलं. “वारं लई व्हतं बाई आज.”